ऐंशीनंतरचे बंड

४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये एका नव्या राजकीय पक्षाची घोषणा झाली. घोषणेमागचे गृहस्थ वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केलेले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, अंगावर खादीचे शुभ्र धोतर आणि उपरणे. आयुष्यात मिळवायचे असे त्यांचे काही उरले नव्हते. स्वतंत्र भारताचे ते एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल. पश्चिम बंगालचे राज्यपाल, केंद्रात गृहमंत्री, मद्रासचे दोन वेळा मुख्यमंत्री. १९५४ साली 'भारतरत्न' प्रथमच दिले गेले त्या पहिल्या तिघांतले एक. आणि महात्मा गांधींचे व्याही. अशा माणसाने या वयात नातवंडांना रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगाव्यात अशीच कोणाची अपेक्षा असणार. त्या गोष्टी त्यांनी पुस्तकरूपाने अवघ्या देशाला सांगून झाल्या होत्या. आता चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी पंडित नेहरूंच्या विरोधात उभे राहिले.

पक्षाचे नाव 'स्वतंत्र'. ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे स्थापना-अधिवेशन भरले. आंध्रचे शेतकरी पुढारी एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस, आणि कन्हैयालाल मुन्शींसारखी मंडळी सोबतीला. एकवीस कलमी तत्त्वपत्रिका निघाली. तिचे सार सांगायचे तर, जे काम नागरिक स्वतः करू शकतो ते सरकारने करू नये. शेतकऱ्याची जमीन, व्यापाऱ्याचा माल, कारखानदाराचे उत्पादन यांवरचा पहारा उठवावा; नागरिकाचे मूलभूत हक्क, मालमत्तेचा हक्क धरून, अबाधित ठेवावेत. पाश्चात्त्य देशांत या विचाराला लिबर्टेरियन म्हणतात. मराठीत त्याला अजून नेमका शब्द रुळलेला नाही. उदारमतवादी म्हटले की आपल्याला रानडे-गोखले आठवतात, आणि स्वातंत्र्यवादी म्हटले की क्रांतिकारक!

राजाजींना ही पाटी नीटशी बसतही नाही. सरकारने हात आखडता घ्यावा असे सांगणाऱ्या या माणसाने सत्तेवर असताना स्वतः तो हात भरपूर चालवला होता. त्यांच्या आयुष्यातली ही विसंगती झाकून पुढे जाणारे चरित्र लिहिता येईल, पण ते राजाजींचे होणार नाही.

१० डिसेंबर १८७८ रोजी सालेम जिल्ह्यातल्या तोरापल्ली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गावचे मुन्सफ. आपल्याकडच्या पाटलासारखे गावकामगार म्हणा. बंगळूर आणि मद्रास येथे शिक्षण घेऊन १९००च्या सुमारास राजाजींनी सालेममध्ये वकिली सुरू केली आणि ती उत्तम चालली. पस्तिशी ओलांडते न ओलांडते तोच पत्नी गेली. पदरी पाच मुले. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. १९१७ साली ते सालेम नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. मार्च १९१९ मध्ये गांधीजी मद्रासला आले, ते राजाजींकडेच उतरले. रौलट कायद्याने सरकारला माणसाला खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा अधिकार मिळत होता. त्याविरुद्ध देशभर हरताळ पाळावा ही कल्पना गांधीजींना याच मुक्कामात पहाटे अर्धवट झोपेत सुचली आणि सकाळी त्यांनी ती प्रथम राजाजींना सांगितली. म्हणजे राजाजींच्या राजकारणाची खरी सुरुवात एका दडपशाहीच्या कायद्याविरुद्धच झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मग चालती वकिली सुटली, आणि डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात तीन महिन्यांसाठी धाडण्यात आले. तिथे त्यांनी रोजनिशी लिहिली. सारा देश वर्षभरात स्वराज्य मिळणार म्हणून भारावलेला असताना या कैद्याने त्या वहीत विलक्षण नोंद केली. स्वराज्य आले की लगेच सुख येईल असे नाही. निवडणुका आणि त्यांतला भ्रष्टाचार, अन्याय, पैशाची दांडगाई, कारभारातला गलथानपणा यांनी लोकांचे जिणे नकोसे होईल, असे त्यांना तेव्हाच दिसत होते. भक्तांच्या मांदियाळीत असा एखादा संशयी वारकरी असतोच, आणि बहुधा तोच शेवटपर्यंत चालतो. १९३० साली गांधीजींच्या दांडीयात्रेच्या पाठोपाठ त्यांनी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत दीडशे मैलांची मिठाची यात्रा काढली आणि पुन्हा तुरुंगात गेले.

गांधीजींशी सोयरीक जुळली ती पुण्यात. राजाजींची कन्या लक्ष्मी आणि गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास यांचे एकमेकांवर प्रेम होते. दोन्ही बापांनी त्यांना काही वर्षे थांबायला लावले. अखेर जून १९३३ मध्ये, गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास सुटल्यावर थोड्याच दिवसांत, 'पर्णकुटी' बंगल्यात लग्न लागले. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा वैश्याचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह. तो लावला वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी. माणसाने कोणाशी लग्न करावे यात ज्ञातीचा अडथळा राजाजींनी आपल्या घरात तरी मानला नाही.

जुलै १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, त्याच वेळी मद्रासमध्ये राजाजींचे आले. पुढच्या सव्वादोन वर्षांत त्यांनी जे केले ते आज वाचताना गोंधळायला होते. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. दलितांना मंदिरप्रवेश देणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. ऑक्टोबर १९३७ पासून सालेम जिल्ह्यात दारूबंदी आली. तिने बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी त्यांनी १९३९ साली विक्रीकर आणला. दुकानातल्या बिलाखाली आपण पिढ्यान्‌पिढ्या जो विक्रीकर भरत आलो, त्याच्या जनकांत पुढे कमी करांचा पुरस्कार करणाऱ्या राजाजींचे नाव घ्यावे लागते, ही काळाची थट्टाच होय.

पण खरा डाग वेगळाच आहे. १९३८ साली त्यांनी शाळांतून हिंदी सक्तीची केली. पेरियार रामस्वामी नायकर यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले. राजाजींनी ते मोडण्यासाठी वापरला क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्ट, म्हणजे ब्रिटिशांनी काँग्रेसच्या निदर्शकांविरुद्ध वापरलेला आणि काँग्रेसने शिव्याशाप दिलेला कायदा. हजारावर माणसे पकडली गेली. पेरियार तुरुंगात गेले. नटराजन आणि तालमुत्तू हे दोघे सत्याग्रही १९३९ साली कैदेत असताना मरण पावले. रौलट कायद्याविरुद्ध ज्याच्या घरी हरताळाची कल्पना जन्मली, त्याच्याच राज्यात हे घडले. राजाजींनी त्याचे समर्थन केले. मंत्रिमंडळ गेल्यावर, १९४० साली, ब्रिटिश गव्हर्नरने हिंदीची सक्ती मागे घेतली.

१९४२ साली 'छोडो भारत'ला विरोध करून ते काँग्रेसबाहेर पडले. मुस्लिम लीगशी तडजोड केल्याशिवाय स्वातंत्र्य येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा मुंबईत माटुंग्याच्या सभेत त्यांच्या अंगावर डांबर फेकले गेले. लोकांना न रुचणारे बोलण्याची खोड मात्र गेली नाही. स्वातंत्र्यानंतर पदे चालत आली. सरदार पटेलांच्या निधनानंतर डिसेंबर १९५० मध्ये ते केंद्रीय गृहमंत्री झाले आणि पुन्हा तोच प्रकार. खटल्याविना स्थानबद्धतेच्या कायद्याची मुदत त्यांनी वाढवून घेतली. आक्षेपार्ह मजकुराबद्दल वर्तमानपत्रांकडून जामीन मागण्याची तरतूद करणारा १९५१चा वृत्तपत्र कायदा त्यांनीच संसदेत आणला. ब्रिटिशांच्या कायद्यापेक्षा तो सौम्य होता हे खरे. पण पत्रकारांनी त्याचे स्वागत केले नाही आणि करण्याचे कारणही नव्हते. कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा त्यात नवी वस्तू बनवायची तर दिल्लीचा परवाना हवा, अशी व्यवस्था ज्या कायद्याने आणली तोही १९५१चाच, आणि त्या वर्षी बहुतेक काळ राजाजी त्याच मंत्रिमंडळात होते.

मग बदल कधी झाला? माझ्या मते त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नसून तांदळाच्या पोत्यात आहे.

१९५२च्या निवडणुकीत मद्रासमध्ये काँग्रेसला बहुमत मिळाले नाही, तेव्हा एप्रिलमध्ये राजाजींना मुख्यमंत्री म्हणून आणले गेले. तेही निवडून नव्हे, राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमून. राज्यात युद्धकाळापासून धान्याचे रेशनिंग चालू होते. शेतकऱ्याकडून सक्तीची लेव्ही, जिल्ह्याच्या सीमेवर नाकी, दुकानापुढे रांगा, आणि त्या सगळ्याच्या पाठीशी काळाबाजार. पावसाने दगा दिलेला. अधिकाऱ्यांचा सल्ला असा, की नियंत्रणे उठवली तर भाव आभाळाला भिडतील आणि माणसे उपाशी मरतील. जून १९५२ मध्ये राजाजींनी नियंत्रणे एकदम उठवली. त्यांचा हिशेब साधा होता. धान्य देशात आहे, पण ते भीतीने दडले आहे. सरकारचा हात निघाला की ते आपोआप बाहेर येईल. आणि तसेच झाले. दडलेला तांदूळ बाजारात आला, भाव भडकले नाहीत, रांगा गेल्या. केंद्रात अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी या निर्णयाला बळ दिले आणि पुढच्या दोन वर्षांत देशभर तोच मार्ग धरला. हजारो कारकून आणि निरीक्षक मिळून जे साधत नव्हते, ते त्यांना घरी पाठवून साधले. चौऱ्याहत्तराव्या वर्षात असलेल्या प्रशासकाला हा अनुभव फार खोलवर शिकवून गेला असला पाहिजे, कारण यानंतरचे राजाजी वेगळे दिसतात.

तरीही पुढच्याच वर्षी त्यांनी शिक्षणाची अशी योजना आणली की तिने त्यांचे राज्य घालवले. शाळा कमी, शिक्षक कमी, मुले फार. म्हणून खेड्यातल्या प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत चालवाव्यात, मुलांनी तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ आईबापांच्या धंद्यात हात घालावा. कागदावर हिशेब बिनचूक होता. पण ज्या समाजात बापाचा धंदा म्हणजे बापाची जात, तिथे याचा अर्थ काय होतो हे परटाच्या आणि चांभाराच्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. द्रविड चळवळीने योजनेला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि ते चिकटले. एप्रिल १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले. कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. राज्यकर्त्याने इतरांच्या मुलांचे भवितव्य फळ्यावरच्या गणिताप्रमाणे सोडवू नये, हे राजाजी पुढे नेहरूंच्या नियोजनाबद्दल सांगत राहिले. तोच आक्षेप या योजनेलाही तंतोतंत लागू होता. त्यांना तो तिथे दिसला नाही.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले आणि तिथे सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून कसायच्या, हा त्याचा गाभा. राजाजींना त्यात शेतकऱ्याची मालकी जाण्याची सुरुवात दिसली. 'स्वराज्य' साप्ताहिकातून ते आठवड्याला लिहू लागले, आणि त्यातूनच परमिट-लायसन्स-कोटा राज हा शब्दप्रयोग देशभर झाला. ब्रिटिश राज गेले आणि त्या जागी हे बसले, असे त्यांना सुचवायचे होते.

आज साठी ओलांडलेल्या वाचकांना हे राज्य पुस्तकातून समजावून घ्यावे लागणार नाही. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेली, टेलिफोनचा नंबर येईपर्यंत मुलगी सासरी जाऊन बाळंतपणाला परत आलेली घरे त्यांनी पाहिली आहेत. घराचा स्लॅब टाकायला सिमेंटचे परमिट लागे. राजाजींचे म्हणणे असे होते की हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही. ज्याच्या हातात परमिट, त्याच्या दारात उद्योगपती; त्या उद्योगपतीच्या थैलीतून निवडणूक; त्या निवडणुकीतून पुन्हा परमिटाचा अधिकार. लहान माणूस या वर्तुळात शिरूच शकत नाही, आणि मोठ्याला स्पर्धेची भीती उरत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटच्या वाटपावरूनच महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हा राजाजींना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

'स्वतंत्र'ला लोक राजेरजवाड्यांचा आणि शेठजींचा पक्ष म्हणत, ते अगदीच खोटे नव्हते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्याच तिकिटावर प्रचंड मताधिक्याने निवडून आल्या. राजस्थान, गुजरात, ओरिसात पक्ष रुजला. महाराष्ट्रात मात्र त्याचे बस्तान बसले नाही. इथे शेतकऱ्याला सहकारी साखर कारखान्याची गोडी लागत होती आणि यशवंतरावांची काँग्रेस गावोगावी पोचलेली होती. स्वेच्छेच्या सहकाराला राजाजींचा विरोध नव्हता, सक्तीच्या सामुदायिक शेतीला होता. पण हा फरक प्रवरानगरच्या सभासदाला जाऊन सांगणारे कार्यकर्ते पक्षाजवळ नव्हते. पुढे १९९४ साली शरद जोशींनी आपल्या पक्षाला 'स्वतंत्र भारत' हे नाव दिले, तेव्हा तो धागा इथल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचला.

परराष्ट्र धोरणात राजाजींना समजून घेणे मराठी वाचकाला अधिक अवघड जाते, कारण तिथे गोवा आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही पडले होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली आणि दोन दिवसांत साडेचारशे वर्षांचा अंमल संपला. मुंबई-पुण्यात आनंदाला पारावार नव्हता. राजाजींनी मात्र लिहिले की लष्करी बळाच्या वापराविरुद्ध जगात बोलण्याचा भारताचा नैतिक अधिकार आता संपला. पोर्तुगालचा गोव्यावर हक्क आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. शांततेची प्रवचने देणाऱ्या सरकारने शस्त्र उचलले, यावर त्यांचे बोट होते. लगेच फेब्रुवारीत निवडणुका होत्या आणि उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. 'स्वतंत्र'चा पाठिंबा कृपलानींना होता. मेनन दणदणीत मतांनी निवडून आले. गोव्याच्या बाबतीत राजाजी चुकले असे मला वाटते. सालाझारची राजवट सत्याग्रहाने हलणारी नव्हती, आणि चौदा वर्षे थांबूनही ती हलली नव्हती. पण देश जल्लोषात असताना एका वृद्धाने वेगळे लिहावे आणि ते छापले जावे, यात गैर काही नव्हते.

शिवाय हा माणूस बळाविरुद्ध फक्त दिल्लीलाच सुनावत नव्हता. सप्टेंबर १९६२ मध्ये, आयुष्यात पहिल्यांदाच पश्चिमेकडे जाऊन, गांधी शांती प्रतिष्ठानच्या वतीने आर. आर. दिवाकर आणि बी. शिवराव यांच्यासह ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भेटले. अणुचाचण्या थांबवा, दुसऱ्याची वाट न पाहता थांबवा, हे सांगायला. भेट ठरल्यापेक्षा बरीच लांबली. पुढच्याच महिन्यात क्युबाचे संकट आले आणि हिमालयात चिनी फौजा उतरल्या. त्या युद्धानंतर अलिप्ततेचा हट्ट सोडून पाश्चात्त्य लोकशाह्यांशी मैत्री करा, आणि पाकिस्तानशी समझोता करून एक आघाडी तरी शांत करा, असा त्यांचा आग्रह राहिला. मे १९६४ मध्ये सुटकेनंतर शेख अब्दुल्ला खास मद्रासला जाऊन त्यांना भेटले. काश्मीरवर काही तोडगा निघेल अशी आशा वाटत होती. २७ मे रोजी नेहरू गेले आणि तो धागा तिथेच तुटला.

१९३८ साली हिंदीसाठी माणसे तुरुंगात घालणारे राजाजी १९६५च्या हिंदीविरोधी आंदोलनात इंग्रजीच्या बाजूने उभे होते. विरोधकांनी या कोलांटउडीवर टीका केली. १९६७च्या निवडणुकीत त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती केली, मद्रासमध्ये काँग्रेसची सत्ता गेली, आणि लोकसभेत 'स्वतंत्र'चे ४४ खासदार निवडून आले. १९६२ साली ते १८ होते. विरोधी पक्षांत तो सर्वांत मोठा ठरला. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले रुस्तुम कूपर हे याच पक्षाचे मुंबईकर पुढारी. फेब्रुवारी १९७०चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारने नवा वटहुकूम काढला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. १९७१ साली राजाजी आणि कामराज हे आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी एकत्र येऊन लढले आणि एकत्रच हरले. 'स्वतंत्र'ला लोकसभेत आठ जागा उरल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात द्रमुक सरकारने दारूबंदी उठवायचे ठरवले. ब्याण्णव वर्षांचे राजाजी भर पावसात मुख्यमंत्री करुणानिधींच्या घरी गेले आणि बंदी ठेवा म्हणून विनवू लागले. ज्यांना सरकारने काही करू नये असे वाटे, ते एवढी एक गोष्ट करा म्हणून सरकारच्या दारात उभे होते. 'स्वतंत्र'च्या तत्त्वपत्रिकेत अशा मतभेदांना मोकळीक होती. एकवीस कलमांबाहेर प्रत्येक सभासदाने आपापले मत ठेवावे. पक्षातल्या अनेकांना दारूबंदी मान्य नव्हती. राजाजींना सालेममधल्या त्या बायका आठवत असतील, ज्यांच्या घरी १९३७ नंतर मजुरीचे पैसे शाबूत पोचू लागले होते. तत्त्व एका बाजूला, चूल दुसऱ्या बाजूला; आणि ते चुलीच्या बाजूने गेले. करुणानिधींनी आदराने ऐकून घेतले. ऑगस्टअखेर बंदी उठली.

२५ डिसेंबर १९७२ रोजी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी राजाजी वारले. अंत्यसंस्काराला पेरियार आले होते. तुरुंगात धाडणारा आणि गेलेला यांची मैत्री सालेम-इरोडच्या दिवसांपासूनची, सारे वाद ओलांडून टिकलेली. त्र्याण्णव वर्षांचे, ढकलखुर्चीत बसलेले, देवधर्म न मानणारे ते गृहस्थ चितेजवळ सर्वांसमक्ष रडत होते. वर्षभराने, २४ डिसेंबर १९७३ रोजी, तेही गेले.